लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर: भक्कम कुठे, कच्चं कुठे?

सातरस्ता_डीएम

नमस्कार मंडळी. सोलापुरात पाच जणांचा गट जमलाय. गड्डा (इथली जत्रा) उरकला की दर रविवारी दुपारी तीन तास बसायचं ठरलंय. पाचपैकी तिघांनी डी२० (वीस बाजूंचा फासा) हातातसुद्धा घेतलेला नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा २०१४चा स्टार्टर सेट मिळालाय आणि त्यातलं "लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर" हे ६४ पानांचं अ‍ॅडव्हेंचर पुस्तक दोनदा वाचून झालंय. वाचताना छान वाटतं. टेबलावर काय होईल, याचा मात्र अंदाज येत नाही.

ज्यांनी हे पूर्ण चालवलंय त्यांना विचारायचंय:
१) कुठले भाग आहेत तसे चालवावेत?
२) कुठे पार्टी (प्लेयरच्या पात्रांचा गट) मरते आणि का?
३) खेळ मराठीत चालणार आहे. घरी कुणी कन्नड बोलतं, कुणी तेलुगू, पण टेबलावर सगळे मराठीतच. इंग्रजीतले वाचून दाखवायचे परिच्छेद कसे हाताळावेत?

कथा फुटली तरी हरकत नाही, मी प्लेयर नाही, डीएम (खेळ चालवणारा) आहे. आमचे प्लेयर मात्र हा धागा वाचणार नाहीत असं कबूल करून बसलेत.

---

चौथा_फासा

दादा, अ‍ॅडव्हेंचर चांगलं निवडलंत. नव्या डीएमला शिकवणारी रचना इतकी सरळ दुसरीकडे क्वचित सापडते. चार भाग आहेत आणि प्रत्येक भाग एकेक वेगळं काम शिकवतो. पहिल्यात रस्त्यावरचा हल्ला आणि छोटी गुहा. दुसऱ्यात गाव आणि गावगुंड. तिसऱ्यात नकाशा उघडा पडतो, कुठं जायचं ते प्लेयर ठरवतात. चौथ्यात मोठी खाण. पहिल्या लेव्हलला सुरू करून संपेपर्यंत पाचवी गाठायची.

सगळ्यात भक्कम भाग म्हणजे क्रॅगमॉ गुहा. आठच जागा आहेत, पण आत जायच्या वाटा दोन. नदीकाठचा उतार चढून जा, नाहीतर लांडगे बांधलेल्या जागेतल्या कपारीतून वर चढून थेट गुहेचा म्होरक्या क्लार्गच्या दालनात निघा. वरच्या पुलावरच्या गॉब्लिनने खुणावलं की आतले गॉब्लिन तळ्याचा बांध फोडतात आणि पाण्याचा लोंढा खाली येतो. तळी दोन, म्हणून लोंढेही दोनदा येऊ शकतात. यीमिक नावाचा गॉब्लिन सिल्डर नावाच्या कैद्याला कड्याच्या टोकाशी धरून सौदा मांडतो: क्लार्गचं डोकं आणा, माणूस न्या. म्हणजे पहिल्याच गुहेत चढाई, सापळा, ओलीस, वाटाघाट आणि मारामारी सगळं येतं. इथे काहीही बदलू नका.

आता कच्चं कुठे. पार्टी मरण्याच्या तीन ठरलेल्या जागा आहेत, आणि तिन्हींचं कारण एकच: पुस्तक आकडे देतं, पण ते आकडे त्या लेव्हलच्या एचपीशेजारी (पात्रात किती जीव आहे तो आकडा) ठेवून बघायला सांगत नाही.

पहिली जागा: रस्त्यावरचे चार गॉब्लिन. गॉब्लिनचा बाण +४ने येतो, डॅमेज १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा अधिक २), म्हणजे सरासरी ५. समोरच्याचा एसी (बचावाचा आकडा) १२ असेल तर डी२०वर ८ पडले की लागलं, म्हणजे ६५ टक्के. लपून मारला तर अ‍ॅडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा धरायचा) मिळतो आणि तेच ८८ टक्क्यांच्या आसपास जातं. विझार्डचे ८ एचपी असतील तर दोन बाणांत तो आडवा. आणि सरप्राइझमुळे पहिल्या फेरीत त्याला हलताही येत नाही. नव्या प्लेयरचा पहिला अनुभव "माझी पाळी येण्याआधीच मी पडलो" असा होतो.

दुसरी जागा: क्लार्ग. हा बगबेअर (धिप्पाड, केसाळ गॉब्लिनवंशी) आहे, डॅमेज २डी८+२. आठ एचपीच्या विझार्डला एका घावात १६ बसले तर डेथ सेव्ह (जीव वाचवायचा फासा) करायची संधीही नाही, जागीच मेला. त्यासाठी दोन डी८ची बेरीज १४ किंवा जास्त लागते, म्हणजे लागलेल्या प्रत्येक घावामागे साधारण साडेनऊ टक्के. त्यात बगबेअरने बेसावध गाठलं तर वर २डी६. मघाशी सांगितलेल्या कपारीतून प्लेयर एकेक करून वर येतात, पहिला वर आलेला एकटाच क्लार्ग, त्याचा लांडगा रिपर आणि गॉब्लिनांपुढे उभा असतो. वाट हुशारीची आहे, पण वर चढताना आवाज झाला की तीच वाट घातक.

तिसरी जागा व्हेनमफँग. त्याबद्दल खाली लिहितो, आधी दुसऱ्यांना बोलू द्या.

---

गुहेतला_कंदील

वरच्या आकड्यांशी सहमत, पण रस्त्यावरचा हल्ला मिळमिळीत करू नका. बरेच डीएम घाबरून दोनच गॉब्लिन ठेवतात आणि मग प्लेयरना वाटतं, या खेळात सरळ चालत जाऊन तलवार मारली की झालं. चार गॉब्लिन योग्यच आहेत. चूक होते ती त्यांना खेळवण्यात.

पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की दोन गॉब्लिन धावून येतात आणि दोन लांबून बाण मारतात. चौघेही झाडीतून बाण मारत बसले तर तो वेगळाच सामना होतो. तीन पडले की चौथा पळतो, हेही लिहिलेलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे वाचायचं राहून जातं: पार्टी हरली तर गॉब्लिन मारून टाकत नाहीत. बेशुद्ध सोडतात, त्यांना आणि त्यांच्या मालगाडीला लुटतात आणि गुहेकडे जातात. म्हणजे हरल्यावरची वाट पुस्तकातच आहे. नियमाने फक्त जवळून केलेल्या घावाने बेशुद्ध पाडता येतं, बाणाने नाही, त्यामुळे बाणाने पडलेल्यांना "स्थिर झालात" असं डीएमने स्वतः जाहीर करायचं. प्लेयर जागे होतात तेव्हा पिशव्या रिकाम्या, हल्ल्याच्या जागी रस्ता अडवून पडलेले दोन मेलेले घोडे तसेच, आणि मागावर जायला आता स्वतःचं कारण.

सरप्राइझबद्दल एक उपाय. हल्ल्याआधी ते मेलेले घोडे दिसले की थांबून प्रत्येकाला विचारा: "तू काय करतोस?" जो म्हणेल "झाडीकडे बघतो", त्याला पॅसिव्ह पर्सेप्शनवर (फासा न टाकता धरायचा नजरेचा आकडा) न सोडता फासा टाकू द्या. गॉब्लिनचा लपण्याचा आकडा +६ आहे, म्हणून पॅसिव्ह १२-१३ असलेले बहुतेक जण नाहीतर आपोआप हरतात.

विझार्डकडे स्लीप (झोपवणारा स्पेल, म्हणजे मंत्र) असेल तर खेळ सुरू व्हायच्या आधीच त्याला ते नीट समजावा. ५डी८, सरासरी साडेबावीस. सात एचपीचे तीन गॉब्लिन एका झटक्यात झोपतात. क्लार्गचे मात्र २७ आहेत, ताज्या क्लार्गवर स्लीप टाकून बहुतेक वेळा फुकट जातं. आधी त्याला चार-पाच डॅमेज करा, मग टाका. हे कळलेला विझार्ड पार्टी वाचवतो.

---

बुरूज_सातवा

दुसऱ्या भागाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. फॅन्डलिन गाव हा माझ्या मते या पुस्तकाचा सर्वात सुंदर आणि सर्वात जास्त बिघडणारा भाग आहे.

सुंदर अशासाठी की प्रत्येक माणसाला काहीतरी हवंय. सिस्टर गॅरेलला अगाथा या बॅन्शीकडून (भुताकडून) एक उत्तर हवंय. डॅरन एडरमाथला ओल्ड आउल वेलजवळ काय चाललंय ते कळायला हवंय. हॅलिया थॉर्नटनला रेडब्रँड या गुंडांच्या टोळीचा म्होरक्या संपलेला हवाय, कारण तिला त्याची जागा घ्यायचीय. सिल्डर त्याच्या हरवलेल्या माणसाला, इआर्नो अल्ब्रेकला, शोधतोय, आणि तोच इआर्नो "ग्लासस्टाफ" नावाने गुंडांचा नायक निघतो. छान गुंफलंय.

बिघडतं अशासाठी की डीएम एकाच सेशनमध्ये सगळ्यांची ओळख करून देतो. आठ नावं, सहा कामं, सगळी इंग्रजी. तासाभरात प्लेयरच्या वहीत फक्त "ती बाई" आणि "तो म्हातारा" उरतं. पहिल्या बैठकीत पाचच माणसं दाखवा: स्टोनहिल इनचा टोब्लेन, क्वेलीन आल्डरलीफ आणि तिचा मुलगा कार्प, सिस्टर गॅरेल, हॅलिया. प्रत्येकासाठी पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं कार्ड करा. त्यावर नाव, धंदा, काय हवंय, काय ठाऊक आहे. चार ओळी, पाचवी नको. बाकीचे पुढच्या वेळी, गरज पडली की.

आता खरी अडचण. कार्प जंगलातल्या चोरवाटेबद्दल सांगतो. प्लेयर खूश होतात, तिथूनच शिरतात. पण ती वाट ट्रेसेंडर मॅनरखालच्या, म्हणजे रेडब्रँडच्या अड्ड्याच्या, तळघराच्या मागच्या अंगाला निघते. पहिलीच गाठ नॉथिक या एकडोळ्या राक्षसाशी, आणि शेजारच्याच खोलीत तीन बगबेअर. समोरच्या दाराने गेलं तर आधी साधे गुंड भेटतात. लपत गेलेल्यांना शिक्षा आणि धडक मारणाऱ्यांना सोपी वाट, असं उलटं होऊन बसतं.

तीन बगबेअर म्हणजे ८१ एचपी आणि प्रत्येक लागलेल्या घावाला सरासरी ११. दुसऱ्या लेव्हलच्या विझार्डचे साधारण १४ असतात. दोन करा, तीन नको. आणि त्यांच्याबरोबर ड्रूप नावाचा जो गॉब्लिन आहे त्याला ते छळतात, हे दार उघडायच्या आधीच ऐकू येऊ द्या. प्लेयर ड्रूपला फितवू शकतात.

नॉथिकला लढाईत ढकलू नका. तो मनात बोलतो, भुकेला आहे, दुसऱ्यांची गुपितं हुंगतो. खायला मिळालं तर तो बातमीही देतो. लढाई झालीच तर त्याची नजर ३डी६ डॅमेज करते, आणि त्याचे ४५ एचपी संपवताना पार्टीचे निम्मे स्पेल जातात.

गावातल्या चौकात अडवणारे चार रेडब्रँडही हलके समजू नका. प्रत्येकाचे १६ एचपी आणि फेरीत दोन वार, म्हणजे समोरून आठ वार. लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) झालेली पार्टी निभावते, गुहेतून थेट आलेली नाही. म्हणून गावात पोचल्यावर रात्र जाऊ द्या, अडवणूक दुसऱ्या दिवशी सकाळी.

---

चौथा_फासा

ताईंनी चोरवाटेचं बरोबर पकडलं.

आता व्हेनमफँग. थंडरट्री हे ओसाड गाव, तिथल्या बुरुजात हा तरुण हिरवा ड्रॅगन. एसी १८, एचपी १३६. विषारी श्वास १२डी६, सरासरी ४२, डीसी १४चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (चिवटपणाचा फासा, १४ किंवा जास्त हवं), सेव्ह झाला तर निम्मं. प्लेयर इथे तिसऱ्या लेव्हलला येतात. कॉन्स्टिट्यूशन +२ असलेल्या विझार्डचे तेव्हा २० एचपी. म्हणजे सेव्ह जमूनसुद्धा २१ बसतात आणि तो पडतो. सेव्ह हुकला तर सरासरी ४२ला तो मेलाच, कारण २० वजा झाल्यावर उरलेले २२ त्याच्या पूर्ण एचपीहून जास्त. फायटरचे २८. तोही पडतो.

पुस्तकाची चूक इथे नेमकी सांगता येते. गावाच्या तोंडाशी इशाऱ्याची पाटी आहे. तिच्यावर झाडांचे राक्षस आहेत, झॉम्बी आहेत, परत फिरा, असं लिहिलंय. ड्रॅगनचं नाव नाही. प्लेयर पाटी वाचतात, ट्विग ब्लाइट (चालती झुडपं) मारतात, राखेचे झॉम्बी मारतात, "पाटीवरचं सगळं संपलं" म्हणतात आणि बुरुजाचं दार ढकलतात.

उपाय सोपे आहेत. बुरुजाच्या आसपास पंखांच्या झोताने उडालेली कौलं, हिरवट धुक्याने करपलेलं गवत, अर्धी खाल्लेली गाय दाखवा. ड्रुइड रीडॉथ तिथेच राहतो, त्याला बुरुजाआधी भेटवा आणि त्याच्या तोंडून "ड्रॅगन" हा शब्द येऊ द्या. गावात ड्रॅगनपंथीय आहेत, त्यांना व्हेनमफँगशी हातमिळवणी करायची आहे. त्यांच्यामागून गेलं तर बोलणी होऊ शकतात. हिरवे ड्रॅगन बोलके आणि कावेबाज असतात, म्हणून पहिला शब्द व्हेनमफँगचाच असू द्या, पहिला श्वास नको. आणि निम्मे एचपी गेले की तो उडून जातो. "ड्रॅगनला हाकलला" हाही विजय आहे हे प्लेयरना आधी उमगायला हवं, म्हणजे ते १३६च्या मागे लागत नाहीत.

१२डी६ टाकायला बारा फासे कुठून आणायचे हा प्रश्न येईलच. सेटमध्ये एकूण फासे सहा, प्रत्येक प्रकारचा एक. लुडोचे फासे चालतात, ते डी६च आहेत.

---

सातरस्ता_डीएम

मनापासून आभार. पाटीवाली गोष्ट दोन्ही वाचनांत निसटली होती.

आणखी दोन शंका. खलनायक नेझनार, म्हणजे ब्लॅक स्पायडर, मला पुस्तकात फारसा दिसतच नाही. ते मुद्दाम आहे का? आणि नकाशे, सोंगट्या यांचं काय करावं? सेटमध्ये मिनिएचर नाहीत.

---

गुहेतला_कंदील

नेझनार हीच या अ‍ॅडव्हेंचरची सर्वात मोठी उणीव. तो शेवटच्या खाणीत, वेव्ह एको केव्हमध्ये भेटतो, आणि त्याचे एचपी २७. क्लार्गचेही २७च होते! चौथ्या लेव्हलच्या चार जणांनी एकेक चांगला वार केला की दुसऱ्या फेरीत संपला. तीन महिने ज्याचं नाव ऐकलं तो दहा मिनिटांत गेला की टेबलावर कुणी काही बोलत नाही.

दोन कामं करा. एक, त्याची सावली आधीपासून पाडा. साहित्य पुस्तकातच आहे: ग्लासस्टाफच्या खोलीत त्याने लिहिलेलं पत्र मिळतं, आणि क्रॅगमॉ कॅसलमध्ये त्याने धाडलेली व्हायरिथ ही डॉपलगँगर (रूप बदलणारी) गंड्रेनला, म्हणजे पार्टीला काम देणाऱ्या ड्वार्फला, आणि खाणीच्या नकाशाला न्यायला येते. पत्र मोघम वाचून दाखवू नका. मराठीत लिहा, कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा, खाली कोळ्याचं चिन्ह काढा आणि हातात द्या. आणि व्हायरिथला निसटू द्या. ती खाणीत पुन्हा भेटली की प्लेयर तिला ओळखतील, आणि नेझनारला पार्टीचे डावपेच आधीच ठाऊक आहेत हेही त्यांच्या लक्षात येईल.

दुसरं, त्याला एकटा उघड्यावर उभा करू नका. वेब आणि डार्कनेस हे स्पेल त्याच्याकडे आहेत, सोबत मोठे कोळी आहेत. पहिल्या फेरीत वेब, ते मोडलं की मग अंधार (दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणून एका वेळी एकच टिकतं), तोवर कोळी पुढे. जाळ्यात कोळी अडकत नाहीत, प्लेयर अडकतात. एचपी ५० केले तरी चालतील, पण जागा नीट वापरली तर ४०ही पुरतात. गंड्रेनचा भाऊ नन्ड्रो त्याच्या ताब्यात आहे, तेव्हा बोलायलाही कारण आहे.

---

बुरूज_सातवा

सोंगट्या: कॅरमच्या घ्या. काळ्या गॉब्लिन, पांढऱ्या माणसं, राणी म्हणजे म्होरक्या. मात्र कॅरमची सोंगटी तीन सेंटिमीटरच्या वर असते, एक इंचाच्या चौकटीत बसत नाही. चौकट साडेतीन सेंटिमीटरची आखा, एक चौकट म्हणजे खेळातले पाच फूट. ड्रॅगनला दोन बाय दोन चौकटी लागतात, त्याच्यासाठी छोटी वाटी उपडी ठेवा.

सगळे नकाशे काढत बसू नका. चौकटी लागतात फक्त रस्त्यावरचा हल्ला, क्लार्गचं दालन, बगबेअरची खोली, बुरूज आणि शेवटची लढाई एवढ्याला. बाकी सगळं तोंडी. आणि टेबलावर जुनी सोलापुरी चादर चौपदरी घाला. फासा उसळत नाही, पलंगाखाली जात नाही.

मराठीबद्दल. इंग्रजी परिच्छेद वाचून मग अनुवाद, असं कधीच करू नका, लय मोडते. प्रत्येक परिच्छेदातून तीनच वाक्यं काढा: काय दिसतं, काय ऐकू किंवा वास येतं, आणि कशावर काही करता येईल. गुहेच्या तोंडाशी हे असं: "झाडीतून वाहणारा ओढा एका गुहेतून येतोय. आतून लांडग्यांचं गुरगुरणं, पाण्याच्या आवाजात अर्धवट ऐकू येतं. उजव्या काठाने कोरडी पायवाट आत गेलीय." पुढे गप्प बसा.

खेळाचे शब्द बदलू नका. सेव्ह, एसी, स्पेल स्लॉट, अ‍ॅडव्हांटेज तसेच राहू द्यात. "बचाव फेक" वगैरे केलं की शीटवरचा इंग्रजी शब्द आणि तोंडातला शब्द जुळत नाहीत, आणि नवा प्लेयर दर वेळी शोधत बसतो. बोलण्याचा बाज मात्र मोकळा सोडा. टोब्लेन "बसा की, जेवून जावा की" म्हणाला तर गाव खरं वाटतं. रेडब्रँड चौकात "का बे, कुठले तुम्ही?" म्हणाला की कुणालाही सांगावं लागत नाही की हा गुंड आहे. सिल्डर प्रमाण मराठीत बोलू दे, तो बाहेरचा सरदारी माणूस आहे हे त्याच्या भाषेवरूनच कळेल.

एक सावधगिरी: "कॅसल"ला किल्ला म्हटलं की सोलापूरच्या पोरांच्या डोळ्यांपुढे भुईकोट येतो, खंदक आणि दुहेरी तट. क्रॅगमॉ कॅसल तसा नाही. सात पडके बुरूज एकमेकांना चिकटलेले, खंदक नाही, भोवती जंगल. "पडकी गढी" म्हणा. नाहीतर प्लेयर अर्धा तास खंदक कसा ओलांडायचा याचा बेत करत बसतील.

---

चौथा_फासा

एवढंच जोडतो. सेटमधल्या ३२ पानांच्या नियमपुस्तकात नवं कॅरेक्टर बनवण्याचे नियम नाहीत. पाच तयार शीट आहेत, तुमचे प्लेयरही पाच, जमून गेलं. पण एखादं मेलं तर सहावं कुठून आणणार? मोफत मिळणारे बेसिक रूल्स छापून घ्या, निदान क्लेरिक आणि फायटरची पानं.

एक्सपी (अनुभवाचे गुण) मोजत बसू नका. दुसऱ्या लेव्हलला ३०० लागतात, तिसऱ्याला ९००, आणि पाच जणांत वाटणी करून नव्या पोरांची गाडी मध्येच अडकते. क्रॅगमॉ गुहा संपली की दुसरी, रेडब्रँडचा अड्डा संपला की तिसरी, क्रॅगमॉ कॅसल संपलं की चौथी. थंडरट्रीला जायच्या आधी तिसरी झालेलीच असू द्या.

आणि पहिल्या रविवारी गुहेपर्यंतच जा. तीन तासांत रस्त्यावरचा हल्ला, माग काढणं, वाटेतला फास आणि खड्डा, गुहेबाहेरचे दोन पहारेकरी, एवढं आरामात होतं. आत शिरायची वेळ पुढच्या रविवारी.